आकडा पुसू नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायांचं तुझं चित्र प्रदर्शनाच्या आयोजकांना हवंय. फक्त कडेला लिहिलेला हजार बिड्यांमागचा मजुरीचा दर आणि कारखान्याचं नाव तेवढं काढ म्हणतात. 'मग ते सगळ्यांचं चित्र होईल,' हे त्यांचं म्हणणं तुला पटायला लागलंय, म्हणून लिहितोय. आकडा पुसू नकोस.

त्याच प्रदर्शनात तुझं चार हुतात्म्यांचं चित्र त्यांनी विनातक्रार घेतलं, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्या चौघांना फाशी झाली. आज सोलापुरात त्यांच्या पुतळ्यांना हार घालायला सगळे पुढे असतात. त्यात कुणाचं काही जात नाही. आजचा मजुरीचा दर लिहिला की देणगीदाराला उत्तर द्यावं लागतं.

हान्स हाके या कलाकाराने १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका घरमालक गटाच्या १४२ मालमत्तांचे फोटो आणि मालकीचे तपशील मांडले. सगळे सरकारी दप्तरातले, कुणालाही पाहता येणारे. गुगेनहाइम संग्रहालयाने ते काम वगळायला सांगितलं. तो हटला नाही, प्रदर्शन रद्द झालं आणि त्याची बाजू घेणाऱ्या एडवर्ड फ्राय या तिथल्या क्युरेटरची नोकरी गेली. नुसत्या पडक्या इमारतींचे करुण फोटो असते तर कुणाची हरकत असती? बोचली ती मालकांची नावं.

माझं एक भित्तिचित्र चुन्याखाली गेलं, तू ऐकलं असशीलच. गिरणी कामगारांच्या थकलेल्या देण्याची रक्कम त्यावर होती. ती काढली असती तर पुढची कामंही मिळाली असती. लोक मला हटवादी म्हणतात, म्हणू देत. ती रक्कम कामगारांनी घरातल्या वह्या उघडून मला दाखवली होती. ती पुसण्याचा हक्क मला कुणी दिला होता? खंत एवढीच, की वह्या दाखवणाऱ्यांपैकी कित्येकांना ती भिंत बघायलाच मिळाली नाही.

तुलाही त्या बायांनी मजुरीचं पुस्तक दाखवलंय. तेव्हा त्यांना विचार, आयोजकांना नको. दर पुन्हा एकदा ताडून घे. एक पैसा चुकला तरी सगळं चित्र खोटं ठरवतील. कारखान्याचं नाव लिहिल्यामुळे कुणा बाईचं काम जाणार असेल तर तिचा चेहरा बदल, पण आकडा पुसू नकोस. आणि हरकत तोंडी ऐकून घेऊ नकोस, तिचं कारण लेखी माग. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर चित्र घेऊन सरळ माझ्याकडे ये. बिडी कामगारांच्या वस्तीतच लावू.

तुझा,
सर