दुसऱ्या बाळाची तपासणी कधी?

प्रश्न : आमचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात न्यूमोनियाने गेलं. निदान ‘स्किड’, म्हणजे प्रतिकारशक्तीचा आनुवंशिक दोष. आता पुन्हा दिवस गेले आहेत. काय करावं?

उत्तर : पहिल्या बाळाचा जनुकीय अहवाल असेल तर तोच दोष गर्भातही तपासता येतो. तो अहवाल आजच शोधून काढा. जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन ट्रेक चाचणी होते; टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घडताना सुटणारी डीएनएची वर्तुळं त्यात मोजतात. साध्या सीबीसीतही (रक्तपेशींच्या मोजणीतही) लिम्फोसाइट्सची, म्हणजे टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची, टक्केवारी नको, प्रत्यक्ष संख्या पाहा. दर मायक्रोलिटरला ३,००० च्या खाली असेल तर लगेच फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी. रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडावर विसंबू नका, ते आईकडून आलेलं असतं. आणि निकालाआधी बीसीजी, रोटाव्हायरस, तोंडावाटे पोलिओ या जिवंत लसी अजिबात नकोत. त्यातले दुबळे जंतूही अशा बाळात फोफावतात. मूलपेशी प्रत्यारोपण संसर्ग होण्याआधी, साडेतीन महिन्यांच्या आत झालं तर यशाची शक्यता खूप वाढते.