म्युझस्कोअरमध्ये स्वर भरताना: आधी लांबी, मग स्वर

म्युझस्कोअर या स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने एकेक स्वर टिपत बसू नका, कीबोर्डची सवय लावा. एन दाबलं की लिहिणं सुरू. आधी लांबी निवडायची: ५ म्हणजे क्वार्टर (एक मात्रा), ४ म्हणजे एट्थ (अर्धी), ६ म्हणजे हाफ (दोन). मग सी, डी, ई अशी स्वराची अक्षरं. विश्रांतीला, म्हणजे स्वर नसलेल्या जागेला, शून्य. स्वर चुकीच्या सप्तकात पडला तर कंट्रोल धरून वर-खाली बाण.

नवीन माणूस अडतो तो लयीत. इथे बार (उभ्या रेघांमधला ठरावीक मात्रांचा तुकडा) कायम भरलेलाच असतो. तुम्ही स्वर लिहिता तेव्हा तिथली विश्रांती खोडली जाते, पुढचं काही सरकत नाही. म्हणून मधे एखादा स्वर जास्तीचा पडला तर डिलीट करून उपयोग नाही, तिथे फक्त विश्रांती येते. एका मात्रेत तीन स्वर हवेत? ५ दाबा, मग कंट्रोल आणि ३, आणि तिन्ही स्वर लिहा. लांबी आपोआप एट्थ होते.

आपली बरीच गाणी समेच्या आधी उठतात. त्यासाठी नवीन स्कोअर करतानाच पिकअप मेझर (पहिल्या पूर्ण बारच्या आधीचा अपुरा बार) मागून घ्या, नाहीतर सगळी चाल पुढे ढकललेली दिसेल. दादरा ६/८ मध्ये (एका बारमध्ये सहा एट्थ) लिहिलेला मला जास्त वाचनीय वाटतो. आणि दर चार बारांनी स्पेसबार दाबून ऐकाच; डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला लगेच कळते.