सगळे ठिपके निळेच का?

प्रश्न: एक्सेलमध्ये भाड्याच्या घरांची यादी केलीय, स्टेशनपासून चालत किती मिनिटं आणि भाडं किती. स्कॅटर चार्ट काढला पण वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, तिन्ही लाइनचे सगळे ठिपके एकाच रंगाचे. वेगळे कसे दाखवू? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: अहो, एक्सेल रंग देतं ते सिरीजला (म्हणजे चार्टमधल्या आकड्यांच्या एका गटाला), आणि तुमची सगळी घरं एकाच सिरीजमध्ये कोंबलीयत. एकेक ठिपका सिलेक्ट करून रंगवत बसू नका, यादी सॉर्ट केली की सगळा घोळ होतो. त्यापेक्षा भाड्याच्या शेजारी तीन नवे कॉलम घ्या, वर वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर अशी हेडिंगं द्या आणि खाली इफचा (IF) फॉर्म्युला लावा: त्या घराची लाइन हेडिंगशी जुळली तर भाडं, नाहीतर एनए, म्हणजे NA(), कंसासकट. सेलमध्ये एररसारखं काहीतरी दिसेल, दिसू दे, तो ठिपका चार्टवर येतच नाही. एनएऐवजी लोक नुसते दोन अवतरणचिन्ह टाकतात आणि मग अर्धे ठिपके खाली शून्यावर जाऊन बसतात, म्हणजे मुंबईत फुकट घरं!

आता मिनिटांचा कॉलम सिलेक्ट करा, कंट्रोल दाबून हे तीन कॉलम घ्या (जुना भाड्याचा सोडा), हेडिंगंसकट, आणि स्कॅटर टाका. रंग आपोआप वेगळे, हेडिंगं लेजंडमध्ये (कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या यादीत). घरमालकाला ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स दाखवायची असेल तर सिरीजवर राइट क्लिक करून मार्करचा, म्हणजे ठिपक्याचा, आकारही बदला, गोल, चौकोन, त्रिकोण. गूगल शीट्समध्येही हीच युक्ती चालते.