विंडोज ११ मध्ये फाइल ओढताना मधेच सुटते, नाहीतर भलत्याच फोल्डरमध्ये जाते. काय करता येईल?

आधी माउस तपासा. पेंट उघडा, डावं बटण दाबून धरा आणि जरा वेगाने आडवी लांब रेघ ओढा. रेघ मधेमधे तुटत असेल तर बटणाखालचा स्विच झिजलाय. बोट दाबलेलं असूनही तो क्षणभर सुटतो. त्याला सेटिंगमध्ये उपाय नाही, माउस बदला.

रेघ सलग आली तर क्लिकलॉक चालू करा. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माउस, तिथून ॲडिशनल माउस सेटिंग्ज. 'बटन्स' टॅबवर खाली 'टर्न ऑन क्लिकलॉक' दिसेल. मग फाइलवर बटण थोडा वेळ दाबून सोडलं की फाइल माउसला चिकटते. हव्या त्या फोल्डरवर नेऊन पुन्हा क्लिक केलं की पडते. किती वेळ दाबायचं ते शेजारच्या 'सेटिंग्ज'मधल्या पट्टीवर ठरतं. ती अगदी कमीवर नेऊ नका, साध्या क्लिकलाही फाइल चिकटायला लागते आणि वैताग येतो.

भलत्या फोल्डरमध्ये जाण्याचं कारण बहुधा वेगळं असतं. बटण दाबलेलं असताना माउस जेमतेम ४ पिक्सेल हलला तरी विंडोज ते ओढणं धरतं. हात किंचित थरथरला की फोल्डर शेजारच्याच्या पोटात. रेजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचा प्रोग्राम) करंट यूजर, कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप इथे 'ड्रॅगविड्थ' आणि 'ड्रॅगहाइट' या दोन्ही किमती ४ च्या २० करा, साइन आउट करून परत या. खूप वाढवल्यात तर ओढणं सुरूच होत नाहीये असं वाटेल. बाकी कशाला हात लावू नका.

मला विचाराल तर उजव्या बटणाने ओढायची सवय सगळ्यात चांगली. सोडल्यावर कॉपी, मूव्ह की शॉर्टकट असं विंडोज विचारतं, रद्दही करता येतं. डाव्या बटणाने त्याच ड्राइव्हमध्ये फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी होते. पेनड्राइव्हच्या बाबतीत इथेच गोंधळ होतो. (क्लिकलॉक मात्र फक्त मुख्य बटणाला लागू होतं.) ओढताना मन बदललं तर एस्केप, टाकून झालं असेल तर लगेच कंट्रोल+झेड.

एखाद्याच प्रोग्राममध्ये फाइल टाकताना मनाईचं चिन्ह येत असेल तर तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे का बघा. साध्या एक्सप्लोररमधून तशा खिडकीत ओढलेली फाइल विंडोज सुरक्षेसाठी अडवतं. प्रोग्राम बंद करून साध्या पद्धतीने उघडा, किंवा त्याच्याच 'ओपन' मेनूतून फाइल निवडा.