मशीन जुनं, टीप सरळ

या महिन्याची बहुतेक पत्रं माळ्यावरून खाली उतरवलेल्या काळ्या लोखंडी मशीनबद्दल आहेत. ही मशीनं सरळ टीप मारतात, दुसरं काही नाही. पण ती एक टीप आजच्या हलक्या प्लास्टिकच्या मशीनपेक्षा बहुतेक वेळा नेटकी येते. सारख्या अडचणींची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

सासूबाईंचं पायमशीन पंधरा वर्षं बंद होतं. चाक जागचं हलत नाही. आमच्याकडे मशीनला खोबरेल घालत असत. रॉकेल घालून जोर लावला तर सुटेल का? (मिरज)

रॉकेल चालेल, जोर नको. आधी चामड्याचा पट्टा चाकावरून उतरवा आणि पायडल हलवून पाहा. पायडल मोकळं चालत असेल तर अडचण वर, डोक्यात आहे. मग सरकती पट्टी उघडून शटल, म्हणजे सुईचा दोरा पकडणारा भाग, बाहेर काढा. शटलच्या खोबणीत दोऱ्याचा वीतभर तुकडा अडकला, तरी सबंध मशीन अडतं. असे तुकडे चिमट्याने काढल्यावर चाक फिरलं, तर पुढचं काही करायला नको.

नाहीच फिरलं, तर दोष खोबरेलाचा. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. त्यात कापडाची भुकटी आणि धूळ बसली की मेणासारखा लगदा होतो. डोक्यावरच्या प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा. डाव्या तोंडावरचं झाकण काढा आणि आतले सुईचे दांडे भिजवा. मग मशीन मागे कलंडवून खालचे सगळे सांधे भिजवा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस किंवा समई नको. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी चाक पुढे-मागे अगदी थोडं थोडं डोलवा. तपकिरी पाणी बाहेर येईल, ते पुसा आणि पुन्हा रॉकेल घाला. हे तीन-चार दिवस चालू शकतं. केस वाळवायच्या ड्रायरने लोखंड कोमट केलं की लगदा लवकर सुटतो, पण ड्रायर वापरायचा तो रॉकेल घालण्याच्या आधी. दोन्ही एकत्र कधीच नको.

चाक मोकळं झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. रॉकेल मळ काढतं, पण मागे लोखंड कोरडं ठेवतं. म्हणून लगेच पातळ पांढरं मशीनचं तेल प्रत्येक भोकात एक-एक थेंब घाला, दोरा न ओवता पाच मिनिटं चालवा, मग चिंधीवर टिपा मारत राहा. चिंधीवर डाग पडायचे थांबले की चांगलं कापड घ्या. पट्ट्याला आणि बॉबिन भरायच्या रबरी चकतीला तेल लागू देऊ नका, दोन्ही घसरायला लागतात.

आणखी एक. सोनेरी वेलबुट्टी चमकवायला स्पिरिट किंवा थिनर लावू नका. तिच्यावरचा जुना लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो आणि नक्षी बोळ्याला लागून येते. मऊ सुती कापडावर मशीनच्याच तेलाचा थेंब पुरे.

घरीच साफ केलं. आता चाक गरगर फिरतं, पण सुई हलत नाही. काही मोडलं का? (जळगाव)

मोडलेलं नाही. चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू उघडला असणार. त्याच्या आत कान असलेली एक वॉशर असते. ती उलटी बसली की चाक दांड्याला पकडत नाही, किंवा उलट, बॉबिन भरताना सुई थांबत नाही. वॉशर अर्धा फेरा वळवून पुन्हा बसवा. पुढच्या वेळी काढण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिन तीनदा बदलली, बॉबिन केसचा स्क्रू आवळला, तरी तेच. (ठाणे)

गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनवर रागावतात. दोष मात्र जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा सैल राहिला की शटल तो खाली ओढत राहतं.

फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर करा, वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. फूट वर असतानाच टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या उघडतात. फूट खाली टाकून ओवलं तर दोरा चकत्यांच्या मध्ये न बसता कडेवर राहतो. ओवून झाल्यावर फूट खाली टाका आणि दोरा ओढून पाहा. आता हाताला ओढ जाणवली पाहिजे. जाणवली नाही तर मलमलीची घडी केलेली पट्टी चकत्यांमधून एकदा फिरवा, आत अडकलेला धागा निघून येईल. चकत्यांशेजारची वळणाची बारीक तार मोडली किंवा दोरा तिच्यातून घ्यायचा राहिला, तरी हेच होतं.

टीप सुरू करताना दोरा उचलणारी दांडी सगळ्यात वर हवी. दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटभर लांब ठेवून फुटामागे धरा आणि पहिले तीन-चार टाके होईपर्यंत सोडू नका. पायमशीनवर आणखी एक घोळ होतो. पहिलं पायडल उलटं पडलं की चाक मागे फिरतं आणि दोरा तिथेच गुंततो. म्हणून सुरुवात हाताने चाक आपल्याकडे फिरवून करायची, पाय नंतर. सवय नसेल तर दोरा काढून रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवत सराव करा.

आता आवळून ठेवलेला तो स्क्रू. बॉबिन केसमध्ये बॉबिन घालून दोऱ्याला लटकवा. केस आपोआप घसरत खाली आली तर सैल आहे. मनगटाला हलका झटका दिल्यावर दोन-तीन बोटं उतरून थांबली तर बरोबर. झटक्यालाही हलली नाही तर घट्ट, तुमची तशीच असणार. स्क्रू एका वेळी घड्याळाचा मिनिटकाटा सात-आठ मिनिटांत सरकतो तेवढाच फिरवायचा. हे काम ताटावर करा, हा स्क्रू फरशीवर पडला की मिळत नाही. खालचं एकदा जमवलं की त्याला हात लावू नका, पुढचं सगळं वरच्या टेन्शनने जुळवा. वर लाल, खाली पांढरा दोरा लावून चिंधीवर टीप मारा. कापडाच्या खाली लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन वाढवा, वर पांढरे दिसले तर कमी करा.

टाके गळतात. सुई नवी आहे. शिवाय दुकानातून आणलेली नवी बॉबिन केसही बसत नाही. (मडगाव)

नवी सुई उलटी बसली असेल. काही मशीनवर डावीकडून उजवीकडे ओवतात, काहींवर उजवीकडून डावीकडे, त्यामुळे शेजारणीचं मशीन पाहून लावू नका. चाक हळू फिरवून शटलचं टोक सुईच्या कोणत्या अंगाने जातं ते पाहा. सुईच्या मुळाची सपाट बाजू त्या अंगाला हवी, आणि लांब खाच विरुद्ध अंगाला. ओवायचं खाचेच्या बाजूने. सुई वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा. कारखान्याच्या मशीनची गोल मुळाची सुई घरच्या मशीनला लावू नका. तिची लांबी वेगळी असते आणि शटल दोरा पकडू शकत नाही.

बॉबिन केसचं म्हणाल, तर तिच्या तोंडावरचं शिंग काही केसमध्ये घड्याळातल्या अकराच्या जागी असतं, काहींमध्ये एकच्या. बाकी दोन्ही अगदी सारख्या दिसतात. जुनी केस आणि जुनी बॉबिन बरोबर घेऊनच दुकानात जा.

नणंदेच्या बाळासाठी बाळंतविडा घरी शिवायचा आहे. जुन्या मशीनला ओव्हरलॉक नाही. कडा उसवतील का? बाळाला टोचतील का? (नाशिक)

ओव्हरलॉक नाही हे इथे बरंच आहे. त्याचा दोरा बाळाच्या काखेत घासतो. झबल्याला फ्रेंच सीम घाला, कापडाची कड आतल्या आत बंद होते.

पांढरी मलमल ९० सेंमी पन्ह्याची अर्धा मीटर घेतली की एक झबलं आणि एक टोपडं निघतं. आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा आणि इस्त्री करा. सुती कापड आटतं, शिवल्यावर आटलं तर गळा तंग होतो. खांद्यावर घडी ठेवून पुढची-मागची बाजू एकसंध कापायची, म्हणजे खांद्याला शिवण येत नाही. उंची ३० सेंमी, छाती सपाट मोजून २५, बाही दोन्हीकडे ९-९. बाजूच्या शिवणीला १.२ सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, ठेवा. काख काटकोनात कापू नका, वाटीच्या कडेसारखा मोठा बाक द्या, नाहीतर फ्रेंच सीम तिथे चुरगळते.

आता शिवण. उलट बाजूला उलट बाजू लावून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून, कडेपासून ५ मिमीवर पहिली टीप. मग माया ३ मिमीवर छाटा. इथे आळस केला तर नंतर शिवणीतून धाग्यांच्या मिशा बाहेर येतात. झबलं उलटं करा, शिवण नखाने कडेवर आणून इस्त्री फिरवा आणि ७ मिमीवर दुसरी टीप मारा. झाली बंद शिवण. गळ्याला त्याच मलमलीची ३ सेंमी रुंद उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा. मागे १० सेंमी उघडी फट आणि बांधायला दोन बंद, वीतभर लांबीचे. त्याहून लांब बंद नकोत, बाळाच्या गळ्याभोवती जातील. बटणं, मणी, लेस काही नको.

मलमल शिवताना एक त्रास होतोच: पहिल्याच टाक्याला कापड सुईच्या भोकातून खाली खेचलं जातं. सुई ११ नंबरची, नवी घ्या. टीप इंचाला १० ते १२ टाके. कडेपासून सुरू करण्याऐवजी आधी चिंधीवर दोन इंच टीप मारा आणि दोरा न तोडता तशीच मलमलीवर चढवा. तरीही ओढलं तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवा, नंतर ती फाटून निघते. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

दुपट्यासाठी घरातली जुनी सुती साडी उत्तम. उजेडासमोर धरा, विरलेला भाग वगळा, जरीचा काठही काढून टाका. ९० बाय ९० सेंमीचे चार थर पुरतात. पाचवारीतून ते सहज निघतात. मशीनचे दाते फक्त खालचा थर पुढे ओढतात आणि फूट वरचा थर अडवून धरतं, म्हणून थर सरकतात आणि शेवटी एका कोपऱ्यात फुगा येतो. यावर उपाय म्हणजे आधी हाताने धावदोरा घाला, ओळींमध्ये साधारण हाताच्या पंजाएवढं अंतर ठेवून. मग १४ नंबरची सुई, टाका मोठा, आणि डोक्यावरचा फुटाच्या दाबाचा स्क्रू थोडा सैल. पहिली टीप मधोमध, मग उजवीकडे एक, डावीकडे एक अशी बाहेर सरकत जा. एका कडेने सुरुवात करून दुसऱ्या कडेला पोचायची घाई केली तर फुगा ठरलेला.

संक्रांतीच्या वाणासाठी खणाचे २५ बटवे करायचे आहेत. कापड किती? (सोलापूर)

एका बटव्याला १८ बाय ४४ सेंमीची पट्टी. पन्हा ९० सेंमी असेल तर आडव्यात पाच पट्ट्या बसतात, म्हणजे पाच रांगा, २.२ मीटर. अडीच मीटर घ्या. पन्हा वेगळा असला तर पुन्हा मोजा, खणाचा पन्हा एकसारखा नसतो. नाडी प्रत्येकी ४५ सेंमीच्या दोन, एकूण साडेबावीस मीटर.

पट्टीच्या दोन्ही टोकांना, लांब कडांवर ६ सेंमीपर्यंत १ सेंमी आत दुमडून टीप मारा, नाडी इथूनच बाहेर येईल. मग टोक आधी अर्धा आणि पुन्हा अडीच सेंमी दुमडून नेफा शिवा. पट्टी सुलट बाजू आत घेऊन दुमडा आणि नेफ्याच्या खालपासून तळापर्यंत १ सेंमीवर शिवा. खणाचे धागे फार सुटतात, म्हणून मायेत आणखी एक टीप मारा. पंचवीसही पट्ट्यांचा एकच टप्पा सलग करा: दोरा न तोडता एकामागून एक पट्टी फुटाखाली सरकवा आणि शेवटी तोरणासारखी माळ कापा. दोन नाड्या समोरासमोरच्या बाजूंनी ओवा, म्हणजे दोन्हीकडून ओढता येतं.

आमच्याकडचं सिंगर लाखात विकलं जातं असं एक जण म्हणाला. खरं का? (पुणे)

नाही. मशीनच्या लोखंडी बैठकीवरचा क्रमांक ‘वाय’ किंवा ‘एफ’ने, किंवा ‘ई’ने सुरू होणाऱ्या दोन अक्षरांनी सुरू होत असेल तर मशीन बहुधा स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. ‘१५ के’मधला ‘के’ म्हणजे तिथलंच किलबोवी. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पण तोवर तिथून कोट्यवधी मशीनं बाहेर पडली होती. दुर्मीळ म्हणावं असं त्यात काही नाही. २००९ मध्ये सौदी अरेबियात, जुन्या सिंगरच्या सुईत ‘लाल पारा’ असतो अशी आवई उठली आणि लोकांनी भरमसाट पैसे मोजले. सुईत पोलादच होतं. विकण्यापेक्षा पट्टा नीट करा. तो सैल असेल तर सेंटीमीटरभर कापून नवं भोक पाडा आणि तारेचा चाप पुन्हा बसवा. चाकावर पट्टा घसरू नये इतपतच ताण ठेवा, जास्त आवळला तर पायडल जड होतं.

टी-शर्टची बाही उसवली आहे, जुन्या मशीनवर घालू का? (कोल्हापूर)

नको. सरळ टीप ताणत नाही, कापड ताणतं, पहिल्याच वेळी घालताना दोरा तुटेल. हातानेच उलट टाका घाला, सैलसर.