सोलापूरकडच्या मुलांची, आपत्तीतून वाचण्याची किशोर कादंबरी लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?
आदल्या संध्याकाळपासून करा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्याचे हादरे सोलापुरातही बसले. किल्लारीकडची गावं गणपती विसर्जन करून नुकती झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं, त्याखाली माणसं गाडली गेली. तुमचा पंधरा वर्षांचा पोरगा केसांतला गुलाल न धुताच झोपलाय, एवढं दाखवा. सगळ्या मोठ्यांना लगेच मारू नका. आजी जिवंत असू दे. आधी तिला बाहेर काढायचं की धाकटीला, हे त्याला ठरवू दे. आणि भूक विसरू नका हो! कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते. तिचा एक तुकडा, चिमूटभर शेंगाचटणी, चौघं खाणारे: यावर अख्खं प्रकरण लिहा.