दुर्बिणीच्या मोटरयुक्त माउंटला अंगणात वीज कशी द्यावी?

सर्वप्रथम माउंटची, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते त्या आधाराची, माहितीपुस्तिका उघडून व्होल्टेज, अँपिअर आणि प्लगची ध्रुवता (धन-ऋण टोके कुठे आहेत ते) पाहावी. बहुतेक माउंट १२ व्होल्ट डीसीवर चालतात, पण सगळे नाहीत, आणि उलटी ध्रुवता सर्किट जाळू शकते.

दुर्बीण वेगाने फिरताना मोटर एकदम जास्त प्रवाह ओढते. त्या क्षणी व्होल्टेज खाली गेले की माउंट रीसेट होतो आणि मेहनतीने केलेले अलाइनमेंट (ताऱ्यांशी जुळवून माउंटला दिलेली दिशांची ओळख) पुसले जाते. नवशिके अशा वेळी माउंटलाच दोष देतात. खरे कारण बहुधा थकलेले पेन्सिल सेल किंवा बारीक वायर असते. ०.५ चौ. मिमी जाडीच्या १० मीटर लांब दोनपदरी वायरमध्ये २ अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच हरवतात, तर २.५ चौ. मिमीच्या वायरमध्ये जेमतेम पाव व्होल्ट.

घरातील वीज वापरायची असेल, तर अ‍ॅडॉप्टर घरातच कोरड्या जागी ठेवावा आणि १२ व्होल्टची जाड वायरच बाहेर न्यावी, कारण रात्री दव इतके पडते की उघडे एक्स्टेंशन बोर्ड ओले होतात. मला स्वतःला १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अधिक पसंत आहे. मात्र तिच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच.

आणखी दोन गोष्टी:
- प्लग सैल नसावा, आणि दुर्बीण फिरताना वायर ताणली जाऊ नये.
- ड्यू हीटरला (भिंगावर दव साचू नये म्हणून लावलेल्या तापकाला) शक्यतो वेगळी बॅटरी द्यावी.

कॅमेरा आणि गायडिंगचा (फोटो काढताना तारा जागेवर धरून ठेवण्याच्या यंत्रणेचा) विचार सध्या बाजूला ठेवावा.